घरी बांधलेला टिअरड्रॉप ट्रेलर: सांगाडा, प्लॅन, डिक्की, खर्च, सगळ्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच परत जाऊ शकतात. तयार झालेल्या टिअरड्रॉपला पाचपैकी चार. ज्या लोखंडी सांगाड्यावर तो बांधला त्याला तीन. ३५ डॉलर मोजून घेतलेल्या प्लॅनला दीड, तेही बाजूच्या भिंतीचं ड्रॉइंग बरोबर होतं म्हणून. कापड आणि गोंद लावून केलेल्या बाहेरच्या आवरणाला पाचपैकी पाच, आणि हे वाचून आमचे अण्णा (सासरे) अजूनही मान हलवतील. पैसे वाचतील म्हणून बांधणार असाल तर नका बांधू. सुट्टीत हातांना काम हवं असेल, घरात एक तरी माणूस करवतीला न घाबरणारा असेल, आणि कॅम्पिंगला गेल्यावर ब्रेड-सॉसेजऐवजी कुकरची शिट्टी ऐकायची असेल तर मात्र जरूर बांधा.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: हा गाडीच्या मागे ओढायचा छोटा डबा, पुढून गोल आणि मागे उतरता. आत फक्त गादी, उभं राहता येत नाही, संडास-बाथरूम नाही, आणि स्वयंपाकघर मागे डिक्कीत, तेही बाहेर उभं राहून वापरायचं. अमेरिकेत हा प्रकार १९३० च्या दशकापासून आहे पण फोफावला दुसऱ्या महायुद्धानंतर, कारण युद्धातलं उरलेलं ॲल्युमिनियम आणि जीपची चाकं स्वस्तात मिळत होती आणि फिरायला निघालेल्या लोकांकडे पैसे बेताचे होते. १९४७ साली मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड मासिकात याचा आराखडा छापून आला होता आणि तो अजून फिरतोय, आम्ही हा आराखडा आणि ३५ डॉलरचा प्लॅन शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर जुनाच जास्त उपयोगी पडला. साठच्या दशकात मोठे ट्रेलर आले आणि हे मागे पडले, मग नेट आल्यावर पुन्हा वर आले.

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या बाजूला, दोन गाड्यांचं गॅरेज, त्यातली एक गाडी पूर्ण उन्हाळा बाहेर. गाडी टोयोटाची हायब्रिड रॅव्ह फोर, जिची ओढायची क्षमता कंपनी १७५० पौंड सांगते, म्हणजे मोठ्या ट्रेलरचा प्रश्नच नाही. तुमच्या गाडीचा आकडा आधी मॅन्युअलमध्ये बघा, सेल्समनला विचारू नका. आणि कामाला मुख्य माणूस म्हणजे आमचे अण्णा, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला नोकरी झालेली, व्हिसावर सहा महिने आलेले आणि पहिल्या आठवड्यातच टीव्हीला कंटाळलेले.

आता सांगाडा. इथे एक स्वस्त हत्यारांच्या दुकानांची साखळी आहे, नाव घेत नाही, ज्यांनी बांधलाय त्यांना कळेल, तिथला चार बाय आठ फुटांचा घडीचा ट्रेलर घेतला, १७२० पौंड वजन झेपणारा, १२ इंची चाकं. तो खोक्यांमधून सुटा येतो. नटबोल्टच्या पिशव्या, वायरिंगची गुंडाळी, आणि एक माहितीपत्रक ज्यातली चित्रं मुंगीएवढी. जोडायला दोन माणसं आणि एक रविवार पुरतो. चॅनल पातळ आहे पण सरळ आहे, टेप लावून पाहिलं तर कर्ण दोन्हीकडे जवळपास सारखे भरले, यासाठी त्याला गुण. जिथे तो घडी होतो तिथला सांधा मात्र डब्यासाठी काही कामाचा नाही, वर लाकडी तळ बसला की घडी कायमची गेली, त्यामुळे तिथे जादा पट्टी मारून नायलॉक (हादऱ्याने न सुटणाऱ्या) नटांनी पक्का केला.

खरी तक्रार चाकांची. बेअरिंगमध्ये भरलेलं ग्रीस हे नुसतं जहाजातून येताना गंज धरू नये एवढ्यापुरतं असतं, अण्णांनी झाकण उघडून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अगं, हे ग्रीस नाही, हे अत्तर लावलंय." सगळं पुसून, धुऊन, मरीन ग्रीस भरून घेतलं. आमच्या एका चाकाची बेअरिंगची वाटी नीट बसलेलीच नव्हती, दुकानात नेली तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो पूर्ण ट्रेलर खोलून खोक्यात घालून आणा मग बदलून देतो. कुठलं खोकं, ते तर कचऱ्यात गेलेलं. शेवटी बाहेरून बारा डॉलरचा बेअरिंग सेट आणला. आणि पाटे कडक आहेत, रिकामा ओढला तर मागे डबडा वाजत येतोय असं वाटतं, वर वजन आलं की शांत होतो. तीन गुण म्हणजे हेच: पैशाच्या मानाने लोखंड ठीक, पण चाकं आणि बेअरिंग तुम्ही स्वतः उघडून पाहिल्याशिवाय हायवेला नेऊ नका.

वायरिंगला चारच तारा असतात आणि रंग ठरलेले: तपकिरी मागच्या दिव्याला, पिवळी डाव्या इंडिकेटर-ब्रेकला, हिरवी उजव्याला, पांढरी अर्थिंग. दिवे लागत नसतील तर दहातल्या नऊ वेळा पांढरी तार रंगावर घट्ट केलेली असते, रंग खरवडा, लागतील.

लाकडाकडे येऊ. टिअरड्रॉपचं सगळं गणित प्लायच्या शीटवर चालतं. इथे शीट येते चार बाय आठ फुटांची, म्हणून एका शीटमधून एक पूर्ण बाजू निघते, आठ फूट लांब आणि चार फूट उंच, आणि म्हणूनच इतके सगळे टिअरड्रॉप एकाच मापाचे दिसतात. रुंदीला मात्र विचार करा. चार फुटी डबा म्हणजे आत ४६ इंचांच्या आसपास मोकळी जागा, आणि इथली साधी डबल गादी ५४ इंच असते. नवरा-बायकोचं कितीही पटत असलं तरी ४६ इंचात नाही. आम्ही पाच फुटी केला, चाकांच्या वर उचलून, म्हणजे आत क्वीन गादीपेक्षा जेमतेम इंचभर कमी. छपराला वाकणारा पातळ प्लाय लागतो, बाल्टिक बर्च, त्याची शीटच पाच बाय पाच फुटांची येते त्यामुळे रुंदीत जोड लागला नाही. २०२२ नंतर रशियाचा माल अडला तेव्हापासून तो महाग आहे, जुन्या व्हिडिओंमध्ये सांगितलेल्या किमती विसरा.

वेळापत्रकाबद्दल एक सांगते कारण हे प्लॅनमध्ये कुठेच नव्हतं. गोंदाला ऊब लागते. टाइटबॉन्ड टू या लाकडाच्या गोंदाच्या बाटलीवर ५५ फॅरनहाइटच्या वर असं लिहिलेलं आहे, आणि मिशिगनमध्ये बिनहीटरच्या गॅरेजमध्ये ते मे महिन्याशिवाय जमत नाही. हिवाळ्यात फक्त कागदकाम आणि खरेदी करा.

आता तो वाद. बाहेरचं आवरण कशाचं करायचं. पारंपरिक उत्तर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि अण्णांना तर दुसरं काही सुचतच नव्हतं, एसटीच्या बसेसना आयुष्यभर पत्रा आणि रिव्हेट मारलेले. मी काढलं नेटवरचं "गरिबाचं फायबरग्लास": रंगाऱ्यांचं जाड सुती कापड, जे खाली अंथरायला दुकानात मिळतं ते, प्लायवर टाइटबॉन्ड टूने चिकटवायचं, वरून पाणी घातलेल्या गोंदाचा हात, वाळल्यावर पॉलिश पेपर, मग बाहेरच्या भिंतींना लावतात तो लेटेक्स पेंट, पहिला हात पातळ, नंतरचे नेहमीसारखे. अण्णा गॅरेजच्या दारात हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, ही गाडी आहे की मांडव?"

मी म्हटलं, "अण्णा, पत्रा मारायचा तर मारू, पण पाच फुटी पत्रा कुठून आणायचा आणि वाकवायचा कोण?"

"वाकवणारा मी आहे की." मग थोडं थांबून, "पण गळती पत्र्यामुळे थांबत नाही हे तुला खरं सांगतो. पत्रा कुठे संपतो तिथे गळतं. तुझं कापड तरी तिथे संपतच नाही, कोपऱ्यावरून गुंडाळून खाली जातं. लाव."

आणि हे वाक्य या पूर्ण रिव्ह्यूत सगळ्यात कामाचं आहे. गळती शीटच्या मधोमध कधीच नसते, कडेला असते, स्क्रूच्या भोकात असते, खिडकीच्या कोपऱ्यात असते. कापड वरून खाली एकसंध आलं आणि तळाच्या खाली दोन इंच वळवून चिकटलं की कडाच उरत नाही. बर्फ पडून गेला, वसंतातला आठ-आठ दिवसांचा पाऊस पडून गेला, आत सुका. रंगाला एक-दोन ठिकाणी दगड उडून टवके गेले तिथे ब्रश फिरवला की झालं, पत्र्याला पोचा आला असता तर तो कायमचा. पुढच्या खालच्या भागाला मात्र अण्णांच्या समाधानासाठी पत्र्याची पट्टी लावली, रिव्हेट त्यांनी स्वतः मारले, एका ओळीत, सुतासारखे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला आधी तेच दाखवतात.

जिथे कुठे भोक पडतं, खिडकी, पंखा, दिवा, तिथे ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी. सिलिकॉन नको, अजिबात नको. सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि एकदा लावलं की पुढे त्या जागी दुसरं काही चिकटत नाही, खरवडत बसा. ब्युटाइल वर्षानुवर्षं मऊ राहतं, दाबलं की बाहेर येतं, जादा कापून टाकायचं, आठवड्याने परत स्क्रू आवळायचे. तळाच्या प्लायला खालून आणि विशेषतः कापलेल्या कडांना ऑइल बेस पॉलियुरेथेन टर्पेन्टाइनसारख्या थिनरने पातळ करून पाजायचं, लाकूड पितं तितकं, मग घट्ट हात. आणि ट्रीटेड लाकूड ॲल्युमिनियमला टेकू देऊ नका, त्यातल्या तांब्याच्या औषधाने पत्रा खातो. इथे रस्त्यावर हिवाळ्यात मीठ असतं त्यामुळे हे सगळं दुप्पट लागू.

डिक्की. हाच तो भाग जिथे लोकांचे ट्रेलर अर्धवट गॅरेजमध्ये पडून राहतात. विकत घेतलेल्या प्लॅनमध्ये डिक्कीला अर्धं पान होतं, एक बाण आणि "इथे बसवा" असं. पाच फूट रुंद, वाकडी, आतून फासळ्या, बाहेरून पातळ प्लाय, आणि हे सगळं उघडून परत त्याच जागी एका सुतावर बसलं पाहिजे, नाहीतर पाणी. अडचण अशी की फासळ्यांवर प्लाय वाकवून चिकटवला आणि क्लॅम्प सोडले की कमान थोडी उघडते, लाकूड सरळ व्हायला बघतंच. मग वरची कड बसते तर खालची दीड इंच बाहेर. अण्णांनी फासळ्या कापतानाच बाजूच्या भिंतीपेक्षा कमान अंमळ जास्त घेतली, आणि एका जाड प्लायऐवजी दोन पातळ थर मध्ये गोंद घालून लावले, कारण थर जितके जास्त तितकं ते उघडणं कमी. क्लॅम्प दोन दिवस काढू दिले नाहीत. काढल्यावर डिक्की खाली ठेवली तर कड भिंतीला टेकली, आणि ते नुसतं "हं" म्हणाले. दापोडीत याला शाबासकी म्हणत असावेत.

बिजागरी साधी लावू नका. यासाठी खास पूर्ण लांबीची ॲल्युमिनियमची बिजागरी येते, तिला इथे हरिकेन हिंज म्हणतात, दोन पट्ट्या एकमेकींत अडकतात, मधे पिन नाही, त्यामुळे पाणी वरून वाहून जातं. महाग आहे पण तिथे कंजूषी करू नका. तरीही दोन्ही टोकांना पाणी शिरायची सोय असतेच, तिथे आतून एक छोटी पन्हाळ ठेवा म्हणजे आलेलं पाणी बाजूने खाली जाईल. हे अण्णांचं, एसटीच्या खिडकीच्या खाली असते तशी. प्लॅनमध्ये पन्हाळीचा उल्लेखसुद्धा नाही. कडेला लावायचं रबर घ्याल तर ईपीडीएमचं (ऊन-पावसात टिकणारं), पोकळ, डी आकाराचं.

गॅसचे दांडे, म्हणजे डिक्की वर धरून ठेवतात ते, त्यांची ताकद थंडीत कमी होते. उन्हाळ्यात फट्‌कन वर जाणारी डिक्की ऑक्टोबरमध्ये हळूहळू डोक्यावर येते, आणि खाली कढईत फोडणी तडतडत असेल तर ते विनोदी राहत नाही. एक काठी ठेवा. आमची मॉपच्या दांड्याची आहे.

पंखा. छपरात १४ बाय १४ इंचांचं भोक पाडायचं आणि तयार पंखा बसवायचा, हे एकच माप सगळीकडे चालतं. आम्ही मॅक्सफॅनचा तो घेतला ज्याला वर पावसाची टोपी असते, पाऊस पडत असताना उघडा ठेवता येतो, आणि यावर खर्च केलेला प्रत्येक डॉलर वसूल. दोन माणसं बंद डब्यात झोपली की सकाळी काचांवर पाणी ओघळतं, पंखा मंद फिरत ठेवायचा आणि एक खिडकी बोटभर उघडी. बॅटरी लिथियमची १०० ॲम्पियरतासांची, दिवे, पंखा, मोबाइल आरामात निघतो. ती गोठणबिंदूच्या खाली चार्ज करायची नसते, म्हणून हिवाळ्यात घरात आणून ठेवतो. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, यावर चर्चा नको. जाळी घेताना एकदम बारीक घ्या, साध्या जाळीतून इथल्या त्या टिकलीएवढ्या चावऱ्या माशा सहज आत येतात आणि जूनमध्ये अप्पर पेनिन्सुलाला (मिशिगनच्या उत्तरेकडच्या भागात) गेलात तर त्या रात्रीची झोप विसरा.

रस्त्यावर कसा चालतो? तयार डबा ट्रक स्टॉपच्या काट्यावर नेऊन वजन केला, ११८० पौंड, म्हणजे ५३५ किलोच्या आसपास, गादी-बॅटरीसकट. पण एकूण वजनापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पुढच्या हुकवर किती येतं. ते एकूणाच्या १० ते १५ टक्के पाहिजे. कमी असेल तर ट्रेलर मागे शेपूट हलवायला लागतो आणि हायवेवर ते फार भयानक असतं. मोजायला काही विशेष लागत नाही, बाथरूममधला वजनकाटा हुकखाली लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवा, ट्रेलर सपाट ठेवून. आमचा १४० आला. स्वयंपाकघर मागे असल्यामुळे लोक सगळं सामान मागे भरतात, पाण्याचे कॅन, बर्फाचा डबा, दहा किलो तांदूळ, आणि पुढचं वजन जातं. म्हणून पाण्याचे कॅन पुढच्या पेटीत. सुरक्षेच्या साखळ्या हुकखाली एकमेकींना छेदून लावायच्या, हुक सुटला तर दांडा त्यावर अडकतो, रस्त्यात घुसत नाही. पुष्कळ ट्रेलर टायर ताशी ६५ मैलांपर्यंतचेच असतात, टायरच्या बाजूला हवेचा आकडा बघा, गाडीच्या टायरपेक्षा बराच जास्त असतो.

अप्पर पेनिन्सुलाला जाताना लागणारा मॅकिनॉ पूल हा माझ्यासाठी खरा इम्तिहान होता. १९५७ साली खुला झालेला, पाच मैल लांब, आणि आतल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे, खाली बघितलं तर सरळ पाणी. वारा जोरात असला की उंच गाड्यांना थांबवून पुढे सोबत देऊन सोडतात. आमच्यावर काही बंधन आलं नाही, पण मी नवऱ्याला सांगितलं बाहेरच्या लेनने चल आणि गप्प चल. टोल ॲक्सलवर मोजतात त्यामुळे ट्रेलरचा वेगळा पडतो, हिशोबात धरा. डबा मात्र हलला नाही. मागच्या सीटवर अण्णा "शिवनेरीपेक्षा चांगली चालतीय" म्हणाले. शिवनेरी एसटीच्या, म्हणजे घरचंच कौतुक.

आता जे कोणी विचारत नाही पण विचारायला पाहिजे ते, स्वयंपाक. मराठी माणसाला टिअरड्रॉप का पटेल याचं उत्तर मला वाटतं झोपायच्या जागेत नाही, मागच्या डिक्कीत आहे. तंबूत कॅम्पिंग करताना सगळं गाडीच्या डिक्कीतून काढायचं, टेबल शोधायचं, कांदा कशावर चिरायचा इथपासून सुरुवात. इथे डिक्की उघडली की ओटा तयार, कमरेच्या उंचीला, डोक्यावर छप्पर, मसाल्याचा डबा जागेवर, कुकर जागेवर. आम्ही ओट्याची उंची मोजून माझ्या घरच्या ओट्याएवढी ठेवली, कारण प्लॅनमधली उंची कुठल्या तरी सहाफुट्या माणसाची होती. कोलमनची दोन बर्नरची शेगडी, छोट्या प्रोपेन बाटलीवर, ती ओढून बाहेर येणाऱ्या ड्रॉवरवर, म्हणजे आच डिक्कीच्या प्लायला लागत नाही. आणि शयनकक्ष (हो, म्हणायलाच शयनकक्ष) नि स्वयंपाकघर यांच्यात पूर्ण भिंत, त्यामुळे मिरची-लसणाची फोडणी गादीत शिरत नाही. ज्यांनी मोठ्या आरव्हीत (घरासारख्या बसमध्ये) फोडणी टाकलीय त्यांना याची किंमत कळेल, चार दिवस उशीला वास.

टाक्वामेनॉन धबधब्याजवळ पहिल्यांदा नीट स्वयंपाक केला, जिथलं पाणी सीडर झाडांच्या टॅनिनमुळे चहासारखं तपकिरी दिसतं. बाजूला मोठ्ठी आरव्ही, आतून जनरेटरची घरघर, आणि आमच्याकडे पिठलं, भात, ठेचा. शेजारची बाई येऊन विचारून गेली की काय करताय, मी वाटीभर दिलं, तिने ठेच्याला हात लावला नाही पण पिठलं दोनदा घेतलं. वारा असेल तर शेगडी पेटत नाही, डिक्कीचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवून ट्रेलर लावायचा हे आता हातात बसलंय. अन्न मात्र रात्री डिक्कीत ठेवायचं नाही, अप्पर पेनिन्सुलामध्ये अस्वलं आहेत आणि पाच मिलिमीटरचा प्लाय त्यांना काय अडवणार, सगळं गाडीत. आणि जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, या राज्यात ॲश झाडं पोखरणाऱ्या किड्याने धुमाकूळ घातलाय, २००२ साली तो आमच्याच डेट्रॉइटकडे पहिल्यांदा सापडला होता, जिथे जाल तिथे विकत घ्या.

झोप? चांगली. खरं तर घरापेक्षा चांगली, अंधार आणि पंख्याचा आवाज. पण बसल्यावर डोकं छताला लागतं, पँट बदलायची तर आडवं पडून, आणि रात्री कोणाला उठायचं असेल तर ज्याच्या बाजूला दार आहे तो सुखी, म्हणून दोन्हीकडे दार ठेवा. एका दाराचं काम वाचेल असा मोह होतो, वाचवू नका. दोन मुलं असतील तर हे घर नव्हे, ती शेजारी तंबूत. आमची आहेत. तंबू त्यांनाच आवडतो असं आम्ही म्हणतो.

खर्च. सांगाडा साधारण साडेसहाशे, लाकूड नऊशेच्या आसपास, बिजागऱ्या, दोन खिडक्या, कुलपं, रबर असं सगळं मिळून सातशे, पंखा साडेतीनशे, बॅटरी-वायरिंग चारशे, गादीचा फोम तीनशे, रंग, गोंद, कापड, स्क्रू, टेप यात कळत नाही कसे पण हजाराच्या वर. एकूण साडेचार हजार डॉलरच्या थोडं पुढे, हत्यारं वेगळी. तयार टिअरड्रॉप दहा हजारांच्या आसपास सुरू होतो आणि वर कुठेही जातो, म्हणजे कागदावर अर्ध्यात पडला. पण अण्णांची मजुरी लावली तर तोटा आहे, आणि दर शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात "फक्त चार स्क्रू" आणायला जाऊन साठ डॉलर देऊन यायचं हे कुठल्याच हिशोबात धरलेलं नसतं. विकायला काढला तर घातलेले पैसे निघतील, वेळ निघणार नाही.

कागदपत्रं सोपी निघाली. मिशिगनमध्ये २५०० पौंडांच्या आतल्या ट्रेलरला टायटल (मालकीचा दाखला) लागत नाही, आणि नंबर प्लेट कायमची मिळते, दरवर्षी रिन्यू करायची कटकट नाही. काट्यावरच्या वजनाची पावती जपून ठेवा. दुसऱ्या राज्यात नियम अगदी वेगळे आहेत, काही ठिकाणी पोलिसाकडून तपासणी लागते, बांधायच्या आधी विचारून घ्या आणि प्रत्येक सामानाची पावती एका पाकिटात टाकत जा.

तर प्लॅन घेऊ नका, किंवा घेतलात तर फक्त बाजूच्या आकारासाठी, आणि डिक्कीचं ड्रॉइंग किती पानांचं आहे ते विकत घ्यायच्या आधी विचारा. सांगाडा स्वस्तातला चालेल पण बेअरिंग उघडून. आवरण कापडाचं करा, लोक हसतील, हसू दे. आणि ट्रेलरबरोबर स्टेपनी येत नाही, ती पहिल्याच दिवशी मागवा, १२ इंची चाक वाटेतल्या गावात रविवारी कुठेच मिळत नाही.